फळी बंद होती

रात्री साडेअकराला लाइट आली
आणि मी पुन्हा तीच चाचणी चालवली,
मेमरीची मोठी पानं मागणारी.
चार जीबीचा जुना लॅपटॉप, खाली दोन विटा.
आंबेटोल्यात माझ्याकडे दुसरं मशीन नाही.
उत्तर आलं: नापास.

नापास कोण?
कर्नल तर नीटच आहे.
लहान पाचशे बारा पानं मिळून एक मोठं होतं,
पण ती खेटून हवीत, सलग.
माझ्याकडे जागा मोकळी होती, सलग नव्हती,
चुलत्यांत वाटल्या गेलेल्या बांद्यांसारखी,
मधे मधे दुसऱ्याचे धुरे.
चाचणीनं मागितलं, मिळालं नाही,
मिळालं का हे तिनं बघितलंही नाही,
तशीच पुढे गेली
आणि पडली.

तिच्या शेजारची दुसरी त्याहून बिलंदर.
रूट नसलं की दारातूनच परतते
आणि कळवते: शून्य.
आमच्या कामात शून्य म्हणजे सगळं ठीक.

आईचं शून्य वेगळं.
चार वर्षांमागे, मे महिन्यातल्या एका मंगळवारी
तेंदूच्या फळीवर मुन्शी आलाच नाही.
देवरीला साळ्याचं लग्न होतं त्याच्या.
पाला मात्र सगळ्यांचा आला होता,
सत्तर सत्तर पानांचे पुडे, वाखानं बांधलेले,
मोहाखाली पडून राहिले, वाळून तडकले.
बुधवारी त्यानं वही उघडली
आणि सत्तावीस नावांपुढे
मंगळवारच्या रकान्यात
एका दमात सत्तावीस शून्यं काढली.

सगनबाई वरखडेला अक्षर येत नव्हतं,
शून्य ओळखू यायचं.
तिनं बोट ठेवलं वहीवर,
पाला तोडून काळं पडलेलं.
"हा सुन्न माहा नोहे, मुन्शी.
मी आलतो. पाला आनलतो. तुमी नोहते.
फळी बंद होती, असं लिवा."
"रकान्यात जागा नाही, बाई."
"मंग बाहेर लिवा."

लिहिलं त्यानं, समासात, तिरपं.
बोनस निघाला तेव्हा त्याचा काही उपयोग झाला नाही.
बेरीज करणाऱ्यानं समास वाचला नव्हता.

म्हणून आज मी चाचणीला दारातच थांबवलं.
रूट आहेस का?
ही सोय या कर्नलमध्ये बांधलेली तरी आहे का?
मोठी पानं मागितलीस तेवढी मिळाली का,
हातात घेऊन मोज, मग आत जा.
नसतील तर पास म्हणू नकोस,
नापासही म्हणू नकोस.
चार म्हण.
चार म्हणजे: आलो होतो, फळी बंद होती.
आणि का बंद होती ते त्याच ओळीत,
समासात नाही.
जाताना घेतलेली पानं परत ठेव,
पुढचीला जंगल होतं तसं सापडलं पाहिजे.

पुन्हा चालवलं.
काल बावीस पास होत्या, एक नापास.
आज वीस पास, तीन वगळल्या.
कुणी तरी विचारणारच, आकडा घटला कसा?
घटला नाही, भाऊ,
दोन कधी झाल्याच नव्हत्या.

बाजेवरून आईनं विचारलं, "झालं का रे?"
"तीन राहिल्या. मशीन लहान पडलं."
"काहून राहिल्या, ते लिवलं?"
"लिवलं."
ती कुशीवर वळली. तिला पहाटे तीनला जंगलात जायचं होतं.

मी पडद्याकडे बघत बसलो.
कुठल्या तरी शहरात, थंड खोलीत,
भरपूर सलग पानांचं एखादं मशीन असेल,
ते त्या तिघींना आत घेईल.
पास होतील की पडतील,
मला माहीत नाही.
आता निदान तसं लिहिलेलं आहे.